फोन बंद होता, एवढंच

पत्र

सप्रेम नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरात राहते. आमची एकुलती एक मुलगी एमएस्सी करायला इंग्लंडला, शेफील्डला गेली आहे. १९ सप्टेंबर २०२१ला, अनंत चतुर्दशीला ती तिथे पोहोचली. कोविशील्डचे दोन्ही डोस झालेत, तरी तिथल्या कोविडच्या नियमाने तिला दहा दिवस होस्टेलच्या खोलीतच राहायचंय, एकटीला. मी तिला सांगितलं, व्हिडिओ कॉल चालूच ठेव. काही बोलायची गरज नाही, फक्त समोर असू दे. सहा दिवस तिने ठेवला. मी फोन ओट्यावर डाळीच्या डब्याला टेकवून ठेवायचे आणि माझं काम करायचे.

रविवारी सकाळी सहाला उठले तर तिचा फोन बंद. सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले, बंदच. यांनी 'झोपली असेल' म्हणून पेपर उघडला. साडेअकरापर्यंत मी कळ काढली. मग विद्यापीठाच्या वेबसाइटवरून सिक्युरिटीचा नंबर शोधला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की माझी मुलगी फोन उचलत नाही, जाऊन बघा. गार्डने जाऊन दार वाजवलं. ती झोपलेली होती. मजल्यावरच्या सगळ्या मुली जाग्या झाल्या म्हणे. दुपारी मेसेज आला, 'मी जिवंत आहे. आता मला फोन करू नकोस.' तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. यांच्या मेसेजला नुसतं 'ओके' येतं, ते मी यांच्या फोनवर बघते.

माझं काय चुकलं? आईने काळजी करायची नाही का? एवढं कोंडून ठेवणार असतील तर तिला परत बोलावून घ्यावं का?

— एक आई

ता. क. माझा धाकटा भाऊ एप्रिलमध्ये कोविडने गेला. तो दवाखान्यात असताना रात्री त्याचा फोन बंद झाला होता. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, पण आपलं सांगितलं.

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मोठं होतं, इथे बरंच कमी करून छापलंय, रागावू नका. ताज्या कलमातला मात्र एकही शब्द हलवला नाही. मला तर वाटतं, खरं पत्र तेवढंच आहे. त्याच्याकडे येते. आधी तातडीचं बोलू.

आज मंगळवार, २८ सप्टेंबर २०२१. उतरला तो दिवस शून्य धरतात, म्हणजे १९ तारीख सोडून पुढचे दहा दिवस. तिचं विलगीकरण उद्या, बुधवारी रात्री बारा वाजता संपतं. नियमाप्रमाणे दुसऱ्या आणि आठव्या दिवशी चाचणी. काडी आपणच घशात-नाकात फिरवायची, नळीत बंद करायची, पाकिटात घालून पाठवायची. आठवा दिवस काल झाला. निकाल आज-उद्या येईल. चांगला आला तर गुरुवारी सकाळी ती रस्त्यावर असेल. वाईट आला तर आणखी दहा दिवस तीच खोली, तीच खिडकी. तसं काही होईल असं मी म्हणत नाही. पण झालंच, तर ते सांगायला पहिला फोन कुणाला करावा असा प्रश्न तिच्यापुढे असेल, आणि आजच्या घडीला त्याचं उत्तर तुम्ही नाही. म्हणून माझी घाई.

आणि कृपा करून 'रिपोर्ट आला का' हा मेसेज यांच्या फोनवरून पाठवू नका. ती ओळखेल. मुलींना आईचे शब्द बापाच्या नावाखाली आले तरी ओळखू येतात.

आता त्या खोलीबद्दल. गेल्या वर्षभरात अशा खोल्यांमधून मला बरीच पत्रं आली. कुणी टोरांटोहून, कुणी बर्लिनहून, आणि बरीचशी इंग्लंडमधून. जवळजवळ सगळ्यांच्या पत्रात खिडकी असते. ती पुरती उघडत नाही. कुणी पडू नये म्हणून तिला आतून अडसर असतो, हात कसाबसा बाहेर जातो. एका मुलाने लिहिलं होतं, की तो रोज संध्याकाळी तिथून हात बाहेर काढून पाऊस आहे का पाहायचा. एकाने लिहिलं, की खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत नऊ पावलं, बुटासकट मोजली तर आठ. एकीने तर दाराखालून येणाऱ्या कॉफीच्या वासावरून शेजारीण किती वाजता उठते याचं वेळापत्रकच केलं होतं. जेवणाचा खोका दारात ठेवतात, टकटक करून निघून जातात. दार उघडेपर्यंत माणूस वळणावर. आत गार सँडविच, वेफर्स, एक सफरचंद. स्वयंपाकघर असलं तरी पाच-सहा जणांत मिळून एक, आणि विलगीकरणातल्या मुलांनी तिथे कधी जायचं याच्या वेळा ठरलेल्या. त्यातून कुणी हिंग-मोहरीची फोडणी केलीच, तर छतावरचा धुराचा भोंगा सगळी इमारत अंगणात काढतो. तुम्ही दिलेली भाजणी आणि गोडा मसाला अजून बॅगेतच असणार. केटलमध्ये पाणी उकळून जे होतं त्यावर ती जगते आहे. लाडू संपलेत का, असं विचारू नका. मी तरी विचारलं नसतं.

'डोस झाले तरी कोंडलं का' हा तुमचा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे, आणि त्याचा राग मलाही आहे. पुण्यात सीरममध्ये तयार होणारी कोविशील्ड ही अॅस्ट्राझेनेकाचीच लस, ऑक्सफर्डमध्ये शोधलेली. बाटलीवरचं नाव तेवढं वेगळं. मुलांना वेळेत जाता यावं म्हणून आपल्याकडे सरकारने दुसऱ्या डोसचं अंतर ८४ दिवसांवरून २८ दिवसांवर आणून दिलं, पासपोर्टचा नंबर सर्टिफिकेटवर घालून दिला. आणि तिथे उतरल्यावर कळतं, की भारतात टोचलेली लस ते टोचलेली धरतच नाहीत. गेल्याच आठवड्यात, २२ सप्टेंबरला, त्यांनी कोविशील्डचं नाव मान्य लसींच्या यादीत घातलं. पण भारताचं सर्टिफिकेट अजून मान्य नाही. म्हणजे लस चालते, कागद चालत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी खिडकीशी उभं राहिलेल्या माणसाला हे लगेच समजेल.

तरी एक हिशेब सांगते. २३ एप्रिलपासून ८ ऑगस्टपर्यंत भारत त्यांच्या लाल यादीत, म्हणजे जास्त धोक्याच्या देशांत, होता. त्या काळात इथून जाणाऱ्याला विमानतळावरून थेट सरकारने ठरवलेल्या हॉटेलात नेत, आणि त्या दहा दिवसांचे १,७५० पौंड स्वतःच भरायचे, आपले सुमारे पावणेदोन लाख. तुमची लेक त्यातून सुटली. पाचव्या दिवशी पदरचे पैसे घालून आणखी एक चाचणी करायची, ती निगेटिव्ह आली तर लवकर बाहेर पडायचं, अशीही एक सोय तिथे आहे. ती तिने घेतलेली दिसत नाही. का घेतली नसेल, याचा विचार करा. कर्जाचा आकडा तिला पाठ आहे. पाच दिवसांची मोकळीक विकत घ्यायची की ते पैसे ऑक्टोबरच्या किराण्याला ठेवायचे, हे त्या खोलीत एकटीनं बसून ठरवलंय तिने. अशी मुलगी एक रात्र फोन बंद करून झोपली तर तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

पण ती झोपली का, तेवढं पाहू. तुम्ही म्हणता, 'काही बोलायची गरज नाही, फक्त समोर असू दे.' ताई, अशी कल्पना करा की तुमच्या सासूबाई सहा दिवस तुमच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या आहेत. अगदी देवमाणूस सासू. एक शब्द बोलत नाही, नाक मुरडत नाही, मीठ जास्त झालं म्हणत नाही. नुसती बघते. किती वेळा दूध उतू जाईल? आणि रात्री झोपताना ती खुर्ची उशाशी आणली तर?

सहा दिवस तुमच्या लेकीने हे केलं. कपडे बदलायला बाथरूममध्ये गेली असणार. वर्गाचं लेक्चर ऐकताना मागे तुमच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या असणार. कंटाळा आला तर कंटाळलेलं तोंड करता आलं नसेल, लगेच 'बरं वाटत नाही का गं' आलं असतं. आणि रडायचं कुठे? नव्या देशात पहिल्या आठवड्यात सगळी मुलं रडतात, मोठमोठे बाप्ये रडतात. तुमच्या त्या डाळीच्या डब्यासमोर तिला रडता येत नव्हतं. शनिवारी रात्री तिने फोन बंद केला तो बहुतेक त्यासाठी. रडली असेल, मग अंघोळ केली असेल, मग ढाराढूर झोपली असेल. मला तर ते वाचून बरंच वाटलं.

त्यात तुमच्या एकटीचा पहारा नव्हता, हेही लक्षात घ्या. तिथल्या सरकारी यंत्रणेचे फोन येतात : आहात ना पत्त्यावर, बाहेर पडला नाहीत ना. कधी माणूसही दाराशी येऊ शकतो. विलगीकरण मोडलं तर दंड दहा हजार पौंडांपर्यंत, म्हणजे दहा लाख रुपये. आता रविवारची सकाळ तिच्या बाजूने बघा. आपले साडेअकरा म्हणजे तिकडचे सात. सप्टेंबरच्या शेवटी शेफील्डला सातला नुकतं कुठे फटफटतं. दारावर थाप पडते. नाव पुकारलं जातं, तेही धड उच्चारलेलं नसतं. ती गाढ झोपेतून उठते, मास्क सापडत नाही, ओढणी तोंडाला गुंडाळून दार उघडते, तर बाहेर गणवेशातला माणूस. पहिल्या क्षणी तिच्या मनात काय आलं असेल? आई नक्कीच नाही. दहा लाख आले असतील. मी काय केलं, कुठे चुकले, आता बाबांना काय सांगू. आणि मग तो माणूस म्हणतो, तुमच्या आईचा फोन होता. एव्हाना समोरची दारं किलकिली झालेली. ज्या मुलींशी तिची अजून धड ओळख नाही, त्यांना तिच्याबद्दल कळलेली पहिली गोष्ट ही.

एवढ्यासाठी ती चिडली आहे. तुम्ही काळजी केलीत म्हणून नाही.

माझ्या हातूनही हे झालंय, म्हणून अधिकाराने बोलते. माझा मुलगा पुण्यात शिकायला होता तेव्हा एकदा दिवसभर फोन उचलला नाही, तर मी त्याच्या मेसच्या काकूंना फोन केला. काकू कामाच्या गडबडीत, त्यांनी रात्रीच्या पंगतीत भर जेवणात उभं राहून सांगितलं, 'अरे, तुझ्या आईला फोन कर, त्या रडतायत.' आता त्याला दोन मुलं आहेत. अजून माझा फोन दोनदा गेला की उचलून म्हणतो, 'काय गं, काकूंना विचारलंस का?' हसतो, पण त्या हसण्याला धार आहे.

आता ता. क.

एप्रिल नाशिकने कसा काढला ते मी तुम्हाला सांगायला नको. इंजेक्शनसाठी मेडिकलसमोर रांगा, बेडसाठी ओळखीपाळखी, अमरधामला नंबर. २१ तारखेला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त माणसं गेली. त्या दिवशी ज्याचं म्हणून कुणी आत होतं, तो फोन कानाला लावूनच होता. आत जायला परवानगी नाही. माणूस तिसऱ्या मजल्यावर, आपण खाली रस्त्यावर, आणि मधे फक्त मोबाइल. घरचा डबा, बिसलेरी आणि चार्जर एका पिशवीत घालायचे, पिशवीवर पट्टी चिकटवून नाव आणि बेड नंबर लिहायचा आणि वॉर्डबॉयच्या हातात द्यायची. पिशवी पोहोचली की नाही हे कळायचा मार्गसुद्धा तोच मोबाइल. तो चालू आहे तोवर माणूस आहे, असं समीकरणच झालं होतं सगळ्यांचं.

तुमच्या भावाचा फोन रात्री बंद झाला, एवढंच तुम्ही लिहिलंय. सकाळी काय झालं ते लिहिलं नाही. लिहू नका, मला समजलं.

आणि तुम्ही म्हणता, संबंध नाही.

ताई, रविवारी सकाळी सहा ते साडेअकरा तुम्ही ज्या भीतीने घरात फेऱ्या मारत होतात, ती शेफील्डमधल्या चोवीस तास पहारा असलेल्या होस्टेलातल्या, दोन डोस झालेल्या, तरुण मुलीसाठी फार मोठी होती. तिच्या मापाची नव्हतीच ती. ती एप्रिलमध्ये शिवलेली आहे. एकदा बंद फोनवर 'चार्जिंग संपलं असेल' म्हणून तुम्ही स्वतःची समजूत घातली होतीत, आणि ती समजूत खोटी ठरली. यावेळी तशी समजूत घालून घ्यायला मन तयार नव्हतं. यांनी 'झोपली असेल' म्हटलं तेव्हा तुम्हाला जो संताप आला (पत्रात तो दिसतो, मी इथे छापला नाही), तोही त्याचाच. एप्रिलमध्येही कुणीतरी तुम्हाला असंच म्हणालं असणार.

विमानतळाचंही तुम्ही लिहिलंय, तो भाग मी वर गाळला. मुंबईला दाराबाहेरूनच निरोप घ्यावा लागला, तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकची फेसशील्ड, काचेपलीकडे ट्रॉली ढकलत गेली, 'चेहरासुद्धा दिसला नाही.' पाच महिन्यांत दुसऱ्यांदा तुमचं माणूस काचेपलीकडे गेलं आणि हातात उरला फोन. मग तो फोन दिवसरात्र चालू ठेवावासा वाटणारच. यात वेडेपणा काही नाही. फक्त ज्या मुलीकडून तुम्ही हे करून घेतलंत, तिला हा संबंध ठाऊक नाही. तिला वाटतंय, आईचा माझ्यावर विश्वास नाही. तो तिचा मामा होता, ताई. एप्रिलमध्ये तीही त्याच घरात होती, तिनेही तुम्हाला फोन हातात घेऊन बसलेलं पाहिलंय. तिला सांगितलंत तर एका वाक्यात समजेल.

म्हणून आज एक मेसेज पाठवा. लिहून. व्हॉइस नोट नको, तुमचा आवाज कापरा होईल आणि मग तिलाच तुम्हाला समजवावं लागेल. मी असा लिहिला असता, तुम्ही तुमच्या शब्दांत लिहा :

'रविवारी तुझा फोन बंद दिसला आणि मला मामाची रात्र आठवली. मी घाबरले आणि तुला न विचारता गार्डला फोन केला. तुला सगळ्यांसमोर दार उघडावं लागलं, ते माझ्यामुळे. व्हिडिओ चालू ठेवायला आता सांगणार नाही. उत्तराची घाई नाही.'

यात एकही प्रश्न नाही, बघा. 'जेवलीस का' नाही. 'पण तूही सांगून झोपायला हवं होतंस' हे तर अजिबात नाही. खरं असलं तरी आज नाही. हात जोडलेली चित्रं नकोत, रडके चेहरे नकोत. पाठवून झाला की फोन यांच्याकडे द्या आणि जॉगिंग ट्रॅकवर जाऊन चार चकरा मारून या. निळ्या खुणा आल्या का, ती शेवटची ऑनलाइन कधी होती, हे दर पाच मिनिटांनी बघणं म्हणजे पुन्हा डाळीचा डबाच.

उत्तर येईल. कदाचित एका शब्दाचं येईल, कदाचित गुरुवारी येईल, बाहेर पडल्यावर, रस्त्यावरून चालता चालता. आलं की लगेच फोन लावू नका.

पुढची व्यवस्था तिला ठरवू द्या. तुम्ही फक्त विचारा, 'तुला कसं सोयीचं?' बऱ्याच घरांत जमलेली एक रीत सांगते, वाटलं तर तिच्या कानावर घाला : तिची सकाळ झाली की चहाच्या कपाचा एक फोटो. शब्द नाहीत, उत्तराची अपेक्षा नाही. इथे आपली जेवणं होत आलेली असतात तेव्हा तो येतो, आणि दिवसभराचं काम भागतं. बोलायचं ते रात्री नऊला, तिकडे साडेचार वाजलेले असतात, आणि तेही रोज नको. आत्ता तुम्ही उठून सहा वाजता लावता तेव्हा तिकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो, हे भिंतीवर लिहून ठेवा.

आणि तो सिक्युरिटीचा नंबर फाडून टाकू नका. तो शोधलात हे मला आवडलं. तिथल्या विद्यापीठांना अशा फोनची सवय आहे, गार्डने हसून सोडून दिलं असेल. खरंच गरज लागली तर तो उपयोगी आहे. फक्त 'खरी गरज' म्हणजे काय ते दोघींनी मिळून ठरवा. समजा, चोवीस तास काहीच खबर नाही, तर आधी समोरच्या खोलीतल्या मैत्रिणीला मेसेज, मग होस्टेलच्या रिसेप्शनला, मग गार्ड. मैत्रीण अजून व्हायची आहे, तेव्हा तो नंबर ऑक्टोबरात मिळेल. तिने विद्यापीठाच्या फॉर्मवर आपत्कालीन संपर्क म्हणून तुमचं किंवा यांचं नाव घातलंय का, तेवढं मात्र केव्हातरी शांतपणे विचारा. ती सज्ञान आहे. तिच्या परवानगीशिवाय ते लोक आईवडिलांनाही तिची माहिती देत नाहीत, आणि तिथे हे उद्धटपणाचं समजत नाहीत, नियम आहे.

परत बोलवायचं का? नाही. दहा दिवसांतले नऊ झालेत. आणि तिने परत यायचं म्हटलेलंच नाही, ते तुम्ही म्हणताय.

यांच्याबद्दल दोन शब्द. त्यांच्या फोनवर चोरून बघणं आजपासून बंद. 'ओके' तर 'ओके', बाप-लेकीचा तेवढा धागा राहू द्या. त्यापेक्षा आज रात्री त्यांना एप्रिलबद्दल सांगा. तुम्ही म्हणाल त्यांना सगळं माहीत आहे. दवाखाना, बिल, अमरधाम हे माहीत असेल. त्या रात्री तुम्ही किती वेळा फोन लावलात, हा आकडा त्यांना माहीत आहे का?

आणि वहिनी. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख एकदाच आला, 'वहिनी पंचवटीत एकटी असते.' भावाचे दिवस तुम्ही कसे केलेत ते मला माहीत नाही, पण त्या महिन्यात रामकुंडावर काय अवस्था होती ते मी पाहिलंय. चार माणसं, घाईघाईत, एकमेकांपासून लांब उभी. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. घरी कुणी बसायला आलं नाही, की शेजारून पिठलं-भात आला नाही. सध्या पितृपंधरवडा चालू आहे, ६ ऑक्टोबरला सर्वपित्री. त्याच्या आधी एक दिवस पंचवटीत जा. डबा नेऊ नका, तिथेच दोघी मिळून करा काहीतरी, त्याला आवडायचं ते. त्याचा फोन आता कुणाकडे आहे, चालू आहे का, हे वहिनींना माहीत असेल. तुमच्या यादीत त्याचा नंबर अजून असणार. ठेवायचा की काढायचा याची काही घाई नाही, पण त्याबद्दल बोलण्यासारखं माणूस तुम्हाला एवढ्या जवळ आहे आणि तुम्ही शेफील्डला फोन लावताय, याचं मला वाईट वाटलं.

एवढं करूनही पहाटे जाग येऊन छातीत धडधडत असेल, फोन वाजला की हातपाय गार पडत असतील, तर घरच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. 'बीपी बघा' असं आडून सांगू नका. ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील, तर जा. या वर्षी नाशिकमधल्या कितीतरी बायाबापे त्या दारात बसून आलेत, एकमेकांना ओळख न दाखवता.

एक बारकी गोष्ट राहिली. ३१ ऑक्टोबरला, रविवारी, तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. आपलं आणि त्यांचं अंतर साडेचार तासांचं साडेपाच होतं. म्हणजे त्या दिवशी चहाच्या कपाचा फोटो तासभर उशिरा येईल. कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा.